थर पातळ, थरथर मोठी

७ ऑक्टोबर २०२५ रोजी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस या तिघांना ते मिळालं, आणि क्वांटम संगणक पुन्हा एकदा चर्चेत आला. आपल्या सरकारनेही एप्रिल २०२३ मध्ये सहा हजार कोटींहून जास्त खर्चाची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली आहे, त्यामुळे हा विषय आता लवकर सुटत नाही. या विषयावर काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: स्फटिकावर धातूचा पातळ थर चढवून चिप तयार करतात. वाचणारा ते वाचतो आणि पुढच्या ओळीवर जातो. थर चढवला, झालं. यात समजण्यासारखं ते काय?

समजण्यासारखं बरंच आहे. धातू पातळ होत होत मोजक्या अणूंच्या जाडीवर आला की तो पुरता स्वतःचा राहत नाही. त्याचे अणू कसे थरथरतात, हे तो ज्या स्फटिकावर बसलाय तो स्फटिकही ठरवतो. ती थरथर बदलली की उष्णता बदलते, वीज वाहण्याची तऱ्हा बदलते आणि चिप चालणार की चुकणार तेही बदलतं.

अणू काय, गप्प बसलेले असतात?

पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ घरी असेल तर त्यातला एक चांगला खडा निवडा आणि भिंगाखाली धरा. सपाट बाजू, काटकोनी कडा, कुठे कुठे पायऱ्यांसारखे कोरलेले खळगे दिसतील. कुणी तासलेलं नसताना हा आकार येतो, कारण आत सोडियम आणि क्लोरीन रांगेत, एकाआड एक, बसलेले आहेत. अणूंच्या अशा शिस्तीच्या रचनेला स्फटिक म्हणतात. तांबं, चांदी, सोनंही स्फटिकच. फक्त तांब्याच्या घागरीत असंख्य बारीक स्फटिक वाटेल तसे एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना तो आकार दिसत नाही.

रांगेत बसलेले म्हणजे स्थिर बसलेले नव्हेत. शेजारच्या अणूंशी असलेल्या बंधांमुळे प्रत्येक अणू फार जवळ गेला तर मागे ढकलला जातो आणि फार लांब गेला तर परत ओढला जातो. म्हणून तो जागेभोवती हेलकावत राहतो. आपण ज्याला तापमान म्हणतो ते घन पदार्थात मुख्यतः हेच हेलकावणं. नेहमीच्या हवेत तांब्याचा अणू शेजाऱ्यापासूनच्या अंतराच्या काही टक्के इतका इकडेतिकडे होतो. हे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की रचना टिकत नाही आणि पदार्थ वितळतो, असा अंदाज लिंडेमान यांनी १९१० साली बांधला होता. ढोबळ असला तरी तो अजून वापरला जातो.

वेग विचाराल तर तांब्यातलं सर्वात जलद कंपन सेकंदाला सुमारे सात लाख कोटी वेळा होतं. शिसं जड आणि मऊ, म्हणून तिथे जेमतेम दोन लाख कोटींच्या वर. हिऱ्यात अणू हलके आणि बंध घट्ट, म्हणून तिथे हा आकडा चाळीस लाख कोटींपर्यंत जातो. अणूचं वजन आणि बंधाची ताकद या दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुढचं बरंचसं आपोआप कळत जाईल.

विज्ञान दिनाच्या एका कार्यक्रमात आठवीतल्या मुलीने मला विचारलं होतं, “सर, सगळे अणू एवढे नाचतात तर टेबल का हलत नाही?” प्रश्न अस्सल आहे. उत्तर असं, की हे हलणं एका दिशेचं नसतं. कोट्यवधी अणू कोट्यवधी तऱ्हांनी हलतात आणि एकूण बेरीज शून्याच्या जवळ येते.

तरीही प्रत्येकजण आपल्यापुरता नाचतो असंही नाही. आइनस्टाइन यांनी १९०७ मध्ये हिशेब सोपा करण्यासाठी तसं मानलं होतं. डिबाय यांनी १९१२ मध्ये तो सुधारला: एक अणू सरकला की शेजारी सरकतो, त्याचा शेजारी सरकतो, म्हणजे कंपन हे सगळ्या रांगेतून जाणारी लाट असते. या लाटेला कितीही लहान ऊर्जा देता येत नाही. ठरलेल्या मापानेच द्यावी किंवा घ्यावी लागते. कंपनाच्या ऊर्जेच्या अशा एका मापाला फोनॉन म्हणतात. हा शब्द पुढे अधूनमधून येईल. तो वाचताना ‘थरथरीचं एक नाणं’ एवढं मनात धरलं तरी पुरे.

पृष्ठभागावरच्या अणूंचं काय वेगळं?

तांब्याच्या आत असलेल्या अणूला बारा जवळचे शेजारी असतात. स्फटिक अशा दिशेने कापला की वर अणूंची सर्वात दाट मांडणी येईल, तर त्या पृष्ठभागावरच्या अणूला नऊच उरतात. वरची बाजू मोकळी. धरून ठेवणारे कमी झाले की हेलकावा मोठा होतो, विशेषतः पृष्ठभागाच्या वर-खाली दिशेने. त्या दिशेच्या कंपनाचा आवाका (नेमकं सांगायचं तर त्याचा वर्ग) आतल्या अणूच्या दीडपट ते दुप्पट भरतो.

पृष्ठभागाला स्वतःच्या लाटाही असतात. लॉर्ड रॅली यांनी १८८५ मध्ये गणिताने दाखवलं, की घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून एक अशी लाट जाते जी आत शिरत नाही, खोलीबरोबर विरत जाते. भूकंपात याच जातीच्या लाटा जमिनीवरून धावतात. आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही त्या आहेत. हव्या त्या लहरी आत घेणारी आणि नको त्या अडवणारी बारीक गाळणी लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकाच्या तुकड्यावर केलेली असते. त्यावर धातूच्या कंगव्यासारख्या पट्ट्या असतात. त्या विजेच्या संदेशाचं पृष्ठभागावरच्या लाटेत रूपांतर करतात आणि पुन्हा उलटंही. १९६५ साली व्हाइट आणि व्होल्टमर यांनी ही कंगव्याची युक्ती मांडली. म्हणजे ‘स्फटिकाच्या पृष्ठभागावरची थरथर’ हे कुठल्यातरी परदेशी प्रयोगशाळेतलं गूढ नव्हे. म्हापशाच्या बाजारात उभं राहून फोन लावला तरी ती कामाला लागते.

फोनमधली लाट सेकंदाला काही शे कोटी कंपनांची असते. आपल्याला जायचंय तिथे कंपनं याच्या हजारपट जलद आहेत.

पातळ म्हणजे नक्की किती?

सोन्याचा वर्ख पातळपणाची आपल्या ओळखीतली हद्द. त्याची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. फुंकर मारली तर उडून जाईल असा. पण त्यातही सोन्याच्या अणूंचे चारशेहून जास्त थर असतात. इथे ‘अतिपातळ’ म्हणजे एक थर, दोन थर, पाच थर, फार तर काही डझन.

असा थर ठोकून होत नाही. ज्यावर थर चढवायचा तो आधाराचा स्फटिक एका पोलादी पेटीत ठेवतात आणि तिच्यातली हवा जवळजवळ पूर्ण काढून घेतात. आत उरणारा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दहा लाख कोटींव्या हिश्श्याएवढा. एवढी हौस कशासाठी? कारण साध्या निर्वात पेटीत, दाब हवेच्या शंभर कोटीव्या हिश्श्यावर आणला तरीही, स्वच्छ पृष्ठभागावर सेकंदा-दोन सेकंदांत भटक्या वायूंचा एक अख्खा थर बसू शकतो. दाब आणखी दहा हजारपट कमी केला तर काही तास मिळतात. आपल्याकडे समुद्राच्या वाऱ्यात खिडकीचे गज एका पावसाळ्यात काय होतात ते माहीत असलेल्यांना यावर जास्त पटवावं लागू नये.

मग आर्गॉनचे भारित कण मारून स्फटिक घासतात, तापवून पृष्ठभाग नीट बसू देतात आणि शेजारी धातू तापवून त्याची वाफ हळूहळू त्यावर येऊ देतात. काही मिनिटांत एखादा थर, इतक्या सबुरीने.

घुमटाचं चामडं, घुमटाची माती

आता मुख्य मुद्दा, आणि त्यासाठी गोव्यात चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, घरोघर वाजणारं घुमट हे वाद्य हाताशी आहे. मातीचं भांडं, दोन्हीकडे तोंड. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बांधलेलं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, आता वन्यजीव कायद्यामुळे बकऱ्याचं. भाद्रपदातल्या दमट हवेत चामडं सैल पडलं की आवाज बसतो. शेकून ताण आणला की पुन्हा खणखणतो. चामडं जाड की पातळ, त्याला ताण किती आणि ते कशाला बांधलंय, या तिन्हींचा नाद मिळून एक होतो. नुसतं चामडं हातात धरून वाजवलं तर घुमट वाजणार नाही.

धातूच्या थराला हेच तीन नियम लागतात.

आधी ताण. प्रत्येक धातूत अणूंमधलं अंतर ठरलेलं असतं. निकेलचं अंतर तांब्याच्या मानाने सुमारे अडीच टक्के कमी. निकेलचा थर तांब्यावर चढवला की पहिल्या काही थरांतले अणू आधाराच्या जागा पकडून बसतात. निकेल आडवं ताणलं जातं आणि त्याची भरपाई म्हणून उभ्या दिशेने थोडं दबतं. बंध ताणले, कंपनं बदलली. चांदी आणि तांब्यात मात्र तेरा टक्क्यांचा फरक आहे. एवढी ओढाताण चांदी सोसत नाही. ती आपल्या अंतराला धरून बसते, आणि मग तांब्याच्या नऊ अणूंच्या लांबीत चांदीचे आठच मावतात. काही अणू नेमके खळग्यात बसतात, काही उंचवट्यावर अडकतात. प्रत्येकाला खालून मिळणारा आधार वेगळा, म्हणून थरथरही जागोजाग वेगळी. सोनं आणि चांदीत फरक एका टक्क्याचाही नाही. हे दोघे एकमेकांवर मुकाट बसतात.

मग जाडी. थराचा खालचा पृष्ठभाग आधाराने धरलेला, वरचा मोकळा. अशा थरात वर-खाली जाणाऱ्या लाटेला मोजकेच सूर परवडतात. आधाराने अगदी घट्ट धरलंय असं मानून चांदीच्या दहा थरांचा हिशेब केला, तर सर्वात खालचा सूर सेकंदाला सुमारे ३९ हजार कोटी कंपनांचा येतो. थर पाचच ठेवले तर तो दुप्पट होतो. म्हणजे सूर मोजून थर मोजता येतात, आणि असे सूर प्रयोगांत खरोखर मिळालेही आहेत.

तिसरी गोष्ट, बांधलंय कशाला. आणि इथे घुमटाचा दाखला थोडा लंगडतो. घुमटाचं चामडं मातीला फक्त काठावर टेकतं. आपला थर आधाराला अणू न् अणू चिकटलेला असतो. त्यामुळे इथे आधाराचा हात कितीतरी मोठा. थरातल्या एखाद्या कंपनाची लय आधारातल्या लयीशी जुळली तर ऊर्जा खाली पाझरते आणि थरातलं कंपन लवकर मावळतं. आधार त्या लयीत हलूच शकत नसेल तर ते थरातच कोंडून राहतं आणि जास्त टिकतं.

हे ऐकलं कुणी?

“अणू दिसत नाही, त्याची थरथर तर त्याहून दिसत नाही, मग हे आकडे आले कुठून?” हा आक्षेप रास्त आहे.

प्रकाश टाकून बघावं, ही पहिली कल्पना. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलं, की पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा भाग रंग बदलून येतो, कारण पदार्थातल्या कंपनांशी त्याची ऊर्जेची देवघेव होते. तत्त्व अगदी बरोबर हेच हवंय. अडचण मापाची. दिसणाऱ्या प्रकाशाची एक लहर धातूतल्या अणूंमधल्या अंतराच्या दोन हजार पट लांब. तिला फक्त लांबच लांब, संथ वळणाच्या लाटा कळतात. शेजारशेजारचे दोन अणू उलट दिशांना हलत असतील तर त्याचा तिला पत्ता नसतो. शिवाय प्रकाश वरच्या एका थरापुरता थांबत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी हेलियमचा झोत वापरला. दाबाखालचा हेलियम बारीक छिद्रातून निर्वात जागेत सोडला की तो थंड होतो आणि त्याचे सगळे अणू जवळजवळ एकाच वेगाने धावू लागतात. छिद्र खोलीच्या तापमानाला असेल तर हा वेग सेकंदाला पावणेदोन किलोमीटर. क्वांटम नियमांनुसार धावणाऱ्या अणूलाही लहर असते, आणि या वेगाला हेलियमची लहर अणूंमधल्या अंतराच्याच मापात बसते. हेलियम कुणाशी संयोग पावत नाही, त्याला विद्युतभार नाही आणि त्याची धडकही हलकी. पृष्ठभागाला ओरखडा न काढता तो परत फिरतो.

परत येणाऱ्या अणूंना ठरलेलं अंतर पार करायला किती वेळ लागला, ते मोजायचं. बहुतेक गेले त्याच वेगाने येतात. काही थोडे उशिरा येतात: त्यांनी पृष्ठभागाला एक फोनॉन देऊन टाकला. काही लवकर येतात: त्यांनी एक फोनॉन उचलला. उशीर किती आणि कोन कुठला, यावरून कंपनाची ऊर्जा आणि लाटेची लांबी दोन्ही निघतात.

गंमत म्हणजे या कलेचा प्रारंभ मिठापासून झाला. ऑटो स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या सुमारास हॅम्बुर्गमध्ये साध्या मिठाच्या आणि लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकांवर हेलियमचे झोत सोडून अणूंनाही लहर असते हे दाखवलं. लिथियम फ्लोराइडची रचना आगरातल्या मिठासारखीच. पन्नास वर्षांनी, १९८१ मध्ये, ग्यॉटिंगेनमध्ये टोनीज यांच्या गटाने त्याच पदार्थावर पृष्ठभागाची कंपनं हेलियमने मोजून काढली. तोवर झोत पुरेसे एकवेगी झाले होते. जर्मनीतल्याच युलिश इथे हॅराल्ड इबाख यांनी हेलियमऐवजी इलेक्ट्रॉन वापरायची वाट रुंद केली. त्या दशकात या दोन पद्धतींनी धातूंच्या पृष्ठभागांचे सूर एकामागून एक नोंदले गेले.

पण थरथर थराची की खालच्या आधाराची?

जाणकार वाचक इथे अडवतो. वर पाच थर आणि खाली कोट्यवधी थर. मोजलेलं कंपन वरच्यांचंच, हे कशावरून?

याला एक नामी उत्तर लोखंडाने दिलं. नैसर्गिक लोखंडात दोन टक्क्यांच्या आसपास असे अणू असतात ज्यांच्या केंद्रात ५७ कण आहेत. एका नेमक्या ऊर्जेच्या क्ष-किरणांना फक्त हीच केंद्रकं प्रतिसाद देतात. टंगस्टनच्या स्फटिकावर केवळ या जातीच्या लोखंडाचा थर चढवला, तर टंगस्टन कितीही थरथरलं तरी ते मोजमापात येत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगात अगदी एका अणूच्या थरापासून जाड लोखंडापर्यंतची कंपनं मोजली गेली. एकट्या थराची थरथर जाड लोखंडाहून स्पष्ट वेगळी होती, आणि थर वाढत गेले तशी ती नेहमीच्या लोखंडाकडे येत गेली.

दुसरं उत्तर जास्त चकित करणारं आहे. हेलियमचा अणू पृष्ठभागाला शिवतही नाही. वर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या विरळ ढगावरूनच तो मागे फिरतो, अणूच्या व्यासाएवढ्या अंतरावरून. असं असताना तांब्यावर चढवलेल्या शिशाच्या थरांत तो वरून कित्येक थर खालची कंपनंही टिपतो, असं आढळलं. कसं? खालचा अणू हलला की त्याच्याशी बांधलेले इलेक्ट्रॉन हलतात, आणि ती हालचाल थेट वरच्या ढगापर्यंत पोचते. संशोधकांनी याला ‘क्वांटम सोनार’ असं नाव दिलं. वास्कोच्या बंदरात आवाज सोडून खाली तळाचा ठाव घेणारं सोनार यंत्र माहीत असलेल्यांना ते नाव लगेच कळेल.

मला यातली कौतुकाची गोष्ट वेगळी वाटते. एखादं खोलवरचं कंपन हेलियमला जितकं ठळक ऐकू येतं, तितका त्या कंपनाचा इलेक्ट्रॉनांशी संबंध घट्ट असतो. म्हणजे हेलियम आपल्याला फुकटात आणखी एक गोष्ट सांगून जातो: कुठली थरथर विजेला त्रास देते किंवा मदत करते.

बरं, पण याचं करायचं काय?

पहिला उपयोग उष्णतेचा. चिपमध्ये तयार होणारी उष्णता धातूतून खालच्या स्फटिकात उतरली पाहिजे. “धातूत उष्णता इलेक्ट्रॉन वाहतात, कंपनांचा काय संबंध?” असा प्रश्न येईल. धातूत वाहतात, पण हिऱ्यासारख्या विद्युतरोधक स्फटिकात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत. सीमेवर बहुतेक ओझं कंपनांच्या हवाली करावं लागतं. हिरा उष्णतेचा उत्तम वाहक, तांब्याच्या कितीतरी पट. पण त्यावर शिसं बसवलं तर सीमेवर उष्णता अडते: शिशाची कंपनं दोन लाख कोटींच्या आसपास संपतात, हिऱ्याची चाळीस लाख कोटींपर्यंत जातात, दोघांची लय जुळत नाही. दोन पदार्थांच्या सीमेवरचा असा अडथळा कापित्सा यांनी १९४१ मध्ये द्रव हेलियमच्या बाबतीत दाखवला होता. आज चिपचे भाग जितके लहान होताहेत तितक्या त्यात सीमा वाढताहेत, आणि हा जुना अडथळा अभियंत्यांच्या मानगुटीवर बसलाय.

दुसरा उपयोग अतिसंवाहकतेचा, म्हणजे विजेला अजिबात विरोध न होण्याचा. साध्या धातूंत ती कंपनांमुळेच येते, हे १९५७ च्या सिद्धांताने सांगितलं. एक इलेक्ट्रॉन जाताना आसपासच्या अणूंना किंचित ओढतो, त्या ओढीकडे दुसरा खेचला जातो आणि दोघांची जोडी होते. शिशात हे उणे २६६ अंश सेल्सिअसला घडतं, निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे शक्य असलेल्या सर्वात कमी तापमानापासून, ७.२ अंश वर. कंपनांनी जोडी जमते, तर आधार बदलून कंपनं बदलली की जोडी आणखी घट्ट होईल का?

२०१२ मध्ये चीनमधल्या गटाने एक उदाहरण पुढे आणलं. लोह आणि सेलेनियमचं संयुग एरवी निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम आठ अंशांपर्यंत अतिसंवाहक राहतं. त्याचा एकच थर स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या स्फटिकावर चढवला, तर अतिसंवाहकतेच्या खुणा साठ अंशांच्या वर दिसू लागल्या. दोन वर्षांनी असे पुरावे आले, की थरातले इलेक्ट्रॉन खालच्या स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या कंपनांशी बोलताहेत. हा धातू शुद्ध नाही, संयुग आहे, आणि वाढीचं सगळं श्रेय कंपनांना द्यावं की आधाराकडून थरात आलेल्या जादा इलेक्ट्रॉनांना, यावर अजून एकमत नाही. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: आधार काढून घेतला तर हा चमत्कार उरत नाही.

म्हणजे थर जितका पातळ तितका चांगला?

अजिबात नाही. सिलिकॉनवर शिशाचा एकच थर चढवून २०१० मध्ये मोजलं, तेव्हा अतिसंवाहकता टिकली, पण ७.२ वरून १.८३ अंशांवर घसरली. शिशाचे थर एकेक करून वाढवले तर हा आकडा सरळ वाढतही नाही. तो वर-खाली होत जातो, कारण इलेक्ट्रॉनांच्या लहरींनाही थराच्या जाडीत नेमकं मावावं लागतं. एक थर इकडे-तिकडे झाला की वेगळा पदार्थ. ‘नॅनो’ म्हटलं की सगळं सुधारतं, असं जाहिराती सांगतात.

क्वांटम चिपमधले ॲल्युमिनियमचे थर इतके पातळ नसतात. ते साधारण वर्खाच्या जाडीचे, म्हणून वरची सगळी सूत्रं त्यांना जशीच्या तशी लागत नाहीत. पण आधाराची थरथर तिथेही पिच्छा सोडत नाही. अवकाशातून येणारा एखादा जोरकस कण किंवा आसपासच्या नैसर्गिक किरणोत्साराचा एखादा किरण खालच्या सिलिकॉनमध्ये ऊर्जा सोडतो. फोनॉनांचा लोंढा स्फटिकभर पसरतो, वरच्या ॲल्युमिनियममध्ये शिरतो आणि इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडतो. एकाच वेळी चिपवरचे अनेक भाग चुकतात, आणि अशा सामूहिक चुका दुरुस्त करणं सर्वात अवघड. चिप निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केलेली असली तरी तेवढ्याने हे थांबत नाही, कारण ही थरथर बाहेरून आलेली असते.

त्यावरचा एक उपाय पुन्हा धातूच्या थराचाच आहे. चिपच्या मागच्या बाजूला तांब्याचा थर देतात, बेटांसारखे तुकडे करून. तांबं अतिसंवाहक होत नाही. त्याचे मोकळे इलेक्ट्रॉन येणारे मोठे फोनॉन गिळतात आणि त्यांची ऊर्जा लहान लहान फोनॉनांत मोडून परत सोडतात, ॲल्युमिनियममधली जोडी फोडायला अपुरी पडेल इतक्या लहान. हिशेब करणारं त्या तांब्यात काहीही नसतं, त्याला फक्त खालून येणारी थरथर खायची असते.